मुंगी, मांजर, मात्रा: मुलांच्या शोधांची एकच वही

भाचीने विचारलं, "मामा, मुंग्या एका ओळीत का जातात?" मी म्हणालो, "पुढची मुंगी वास सोडत जाते, मागची त्या वासावर चालते." उत्तर बरोबर होतं. ती "बरं" म्हणाली आणि उठून गेली. मुंग्या तिथेच भिंतीच्या कडेने चालल्या होत्या, पण तिने त्यांच्याकडे परत ढुंकूनही पाहिलं नाही. पाहण्यासारखं मी काही उरूच दिलं नव्हतं.

त्या दिवसापासून आम्ही दोघं एक वही चालवतोय. तिच्यात विज्ञान आहे, प्राणी आहेत, कविता आहेत आणि इतिहासही आहे. खाडाखोड करत जी पद्धत बसत गेली, ती इथे सांगतो. साधारण ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ती चालते. सामान फारसं लागत नाही: कोऱ्या पानांची जाड वही, पेन्सिल, मोजपट्टी, भिंग, सेकंद दाखवणारं घड्याळ आणि सुतळीचा एक मोठा गुंडा. सुतळी शेवटपर्यंत पुरेल अशी घ्या.

विज्ञानाचे तयार संच मला फारसे आवडत नाहीत. प्रश्न कुणीतरी आधीच ठरवलेला असतो, उत्तर खोक्यावर छापलेलं असतं, आणि मूल मधल्या मध्ये हमाली करतं.

पायरी १: चार विषय, पण वही एकच

शाळेच्या सवयीने आपण विषयवार वह्या करायला जातो. इथे करू नका. मुलाचा प्रश्न विषय विचारून येत नाही. मुंगीपासून निघालेला प्रश्न आमच्याकडे मांजरावर गेला, मांजरावरून कवितेच्या मात्रांवर, आणि तिथून थेट ८०० वर्षं मागे. वह्या चार असत्या, तर हा धागा कुठल्याच वहीत सापडला नसता.

पानावर सगळ्यात वर तारीख, वेळ आणि जागा. खाली प्रश्न, मुलाच्याच शब्दांत. ज्याला अजून लिहिता येत नाही त्याने सांगावं आणि मोठ्याने उतरवून घ्यावं, पण भाषा सुधारायची नाही. शुद्धलेखनाचा लाल पेन या वहीत आला की वही शाळेची झाली म्हणून समजा.

मग पानाच्या मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे "दिसलं", उजवीकडे "वाटलं". ही रेघ म्हणजे या वहीचा जीव. भाचीने पहिल्या आठवड्यात लिहिलं होतं, "चिमणी रागावली." मी विचारलं, राग कुठे दिसला? तिने जरा विचार करून डावीकडे लिहिलं, "चोच उघडी होती. पंख खाली पाडून थरथरवत होती. दुसरी चिमणी आली तेव्हा जास्त." "रागावली" उजवीकडे गेलं. पुढे चार दिवस पाहिल्यावर कळलं की ते पिल्लू होतं आणि भरवायला मागत होतं. उजवीकडचं खोडलं गेलं, डावीकडचं एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

पान संपताना तळाशी एक ओळ: "अजून कळलं नाही." ती रिकामी सोडायची नाही.

पायरी २: "का" ला बारीक करा

मुलांचे बहुतेक प्रश्न "का" ने सुरू होतात, आणि "का" चं उत्तर डोळ्यांनी पाहता येत नाही. त्यामुळे मूल मोठ्यांकडे येतं आणि मोठे मोबाइलकडे वळतात. आपलं काम इतकंच, की त्या "का" चा "किती", "कधी", "कुठून" किंवा "असं केलं तर काय होईल" करायला मुलाला मदत करायची. "मुंग्या ओळीत का जातात?" याचं झालं: "ओळ मधेच मोडली तर मुंग्या काय करतील?" हा प्रश्न एका दुपारी तपासता येतो. तपासता येतो का, हीच कसोटी.

पाहायच्या आधी अंदाज लिहून घ्या, तोही पेनाने. पेन्सिलीने लिहिलेला अंदाज नंतर गुपचूप बदलतो. मुलं लबाड असतात म्हणून नव्हे. आपल्यालाही मागाहून "मला माहीतच होतं" असं वाटतंच की. अंदाज चुकला तर मूल खट्टू होईल अशी मला भीती होती. घडलं उलटंच. माझा अंदाज चुकला की भाचीला इतका आनंद व्हायचा, की मीही दर पानावर माझा अंदाज लिहू लागलो.

आणि मोबाइल? तो बंद ठेवायचा असं नाही, शेवटी उघडायचा. अंदाज झाला, पाहून झालं, पान भरलं की मग खुशाल शोधा. तेव्हा मूल वाचतं ते ताडून पाहायला.

पायरी ३: मुंग्यांचा प्रयोग, सावकाश

हा जरा तपशिलात सांगतो, कारण नीट तपासणं म्हणजे काय ते यात पूर्ण कळतं.

मुंग्यांची चालती ओळ शोधा, एका टोकाला खाणं आणि दुसऱ्या टोकाला बीळ असलेली. ओळीच्या वाटेत तळहाताएवढा जाड कागद सपाट ठेवा आणि कडा खड्यांनी दाबा, म्हणजे त्या खालून जाणार नाहीत. सुरुवातीला गोंधळ उडतो. काही वळसा घालतात, काही वर चढतात. अर्धा-पाऊण तास त्यांना राहू द्या. हळूहळू कागदावरूनच नवी वाट पडते. ती पडली की एका मिनिटात किती मुंग्या कागद पार करतात ते मोजा. एक जण मोजतो, एक जण घड्याळ बघतो.

आता कागद न उचलता, जागच्या जागी पाव फेरा फिरवा. कागदावरची वाट आता आडवी झाली. लगेच परत एक मिनिट मोजा आणि काय दिसतं ते लिहा.

आमच्या मुंग्या कागदाच्या कडेशी येऊन थबकल्या, मिशा इकडेतिकडे हलवू लागल्या, दोन-तीन जणी तर आडव्या वाटेने निघून भलत्याच कडेला पोहोचल्या. भाची उड्या मारू लागली, "सिद्ध झालं!" मी म्हटलं, "कागद हलला म्हणून घाबरल्या असतील तर?" ती चिडली. दहा मिनिटं बोलली नाही. मग स्वतःच म्हणाली, "मग नुसता हलवून परत तसाच ठेवू."

माझ्या मते त्या वहीतला सगळ्यात मोठा शोध हाच, मुंग्यांचा नव्हे. एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवून ताडायचं. दुसऱ्या दिवशी आम्ही तीन प्रकार केले: कागद थोडा फिरवून पुन्हा मूळ जागी आणला, कागद फिरवून तसाच ठेवला, आणि जुना काढून तिथे कोरा ठेवला. प्रत्येक प्रकार तीनदा, मधे मुंग्यांना वाट धरायला वेळ देऊन. मूळ जागी आणलेल्या कागदावर गोंधळ लवकर निवळला. बाकीच्या दोन्हींत बराच वेळ टिकला.

सगळ्याच मुंग्या वासावर विसंबत नाहीत, हे आम्हाला नंतर वाचताना कळलं. वाळवंटातल्या काही जाती सूर्यप्रकाशावरून दिशा धरतात आणि अंतर चक्क पावलांवरून मापतात. २००६ मध्ये संशोधकांनी सहारातल्या अशा मुंग्यांच्या पायांना डुकराच्या राठ केसांच्या कुबड्या चिकटवल्या. मुंग्या परत निघाल्या आणि बिळाच्या पुढे निघून गेल्या, कारण पावलं तितकीच पण ढांगा लांब. पाय आखूड केलेल्या मुंग्या अलीकडेच थांबल्या. हे ऐकल्यावर भाची स्वतः गुडघ्यांवर चालून पावलं मोजू लागली. ते पानही वहीत आहे.

प्राण्यांच्या बाबतीत नियम थोडे, पण कडक. घरट्याला हात लावायचा नाही. उचललेला दगड होता तसा परत ठेवायचा. पकडलेला किडा रेखाटून झाला की जिथून आणला तिथेच सोडायचा. शेवटी हात धुवायचे. आणि सगळ्यात अवघड नियम म्हणजे गप्प बसायचं. जेन गुडॉल चार-पाच वर्षांच्या असताना, अंडं कोंबडीच्या आतून येतं कसं हे बघायला खुराड्यात काही तास लपून बसल्या होत्या. घरचे शोधून हैराण झाले होते. मुलगी गवताने माखून धावत आली तेव्हा आईने रागावण्याऐवजी बसून सगळी हकीकत ऐकून घेतली. पुढे १९६० मध्ये चिंपांझी काडीने वाळवी बाहेर काढून खातो हे ज्यांनी पाहिलं, त्या याच. मला त्या गोष्टीत आईचं बसणं जास्त महत्त्वाचं वाटतं.

पायरी ४: मांजराला आपलं नाव कळतं का?

शेजारच्या मांजराचं नाव मनी. भाचीचं म्हणणं, तिला नाव कळतं. माझं म्हणणं, तिला फक्त आवाज कळतो. जपानमधल्या संशोधकांनी २०१९ मध्ये नेमका हाच प्रश्न सोडवायला एक साधी युक्ती प्रसिद्ध केली होती, ती आम्ही उचलली. नावाइतकेच लांब, तशाच चालीचे चार शब्द १५-१५ सेकंदांच्या अंतराने म्हणायचे. मांजर हळूहळू दुर्लक्ष करू लागतं. पाचव्या वेळी नाव घ्यायचं. तेव्हा कान वळले किंवा मान हलली, तर नाव वेगळं ओळखू आलं.

करताना अशी खबरदारी घ्या. बोलणाऱ्याचा चेहरा मांजराला दिसू नये. सूर सपाट ठेवा. नाव घेताना आपोआप लाडिक होतो, तिथेच सगळं फसतं. दुसऱ्या दिवशी पाचवा शब्दही साधाच ठेवून बघा, नाहीतर मांजर नुसतं कंटाळून कान हलवत असेल. आणि निकाल देणाऱ्याला कोणत्या वेळी नाव घेतलं ते ठाऊक नसावं. आम्ही चित्रफीत काढली, आणि आवाज बंद करून ती तिसऱ्याच माणसाला दाखवली: "सांग, कान कधी हलले?"

ही शेवटची अट मुलांना जाचक वाटते. तेव्हा एमिली रोझाची गोष्ट सांगावी. अमेरिकेतली ही मुलगी ९ वर्षांची असताना तिने शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी एक प्रयोग केला. हात न लावता माणसाभोवतीची ऊर्जा जाणवते, असा दावा करणारे काही उपचारक होते. तिने मधे पुठ्ठ्याचा पडदा लावला, त्यांना पडद्याखालून दोन्ही हात पुढे करायला सांगितले, नाणं उडवून उजवा की डावा ते ठरवलं आणि त्या हातावर आपला हात धरला. "कोणत्या हाताजवळ आहे, सांगा." २१ जणांनी मिळून २८० वेळा उत्तर दिलं. बरोबर आली १२३, म्हणजे ४४ टक्के. नुसत्या अंदाजानेही निम्मी यायला हवीत. १९९८ मध्ये हा प्रयोग अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात छापून आला, तेव्हा ती ११ वर्षांची होती. सामान काय, तर पुठ्ठा आणि नाणं.

मनीचा निकाल? तीन दिवसांत दोनदा कान वळले, एकदा ती उठून निघून गेली. "अजून कळलं नाही" मध्ये जमा.

पायरी ५: शब्द मोजता मोजता कविता

आता मजा अशी, की मनीसारखे शब्द शोधायचे कसे? भाचीने आधी "पुस्तक" सुचवलं, मग "मांजर". दोन्ही ऐकायला लांब. "मनी" मध्ये आधी छोटा ठोका, मग लांब. तसे हवेत: नदी, वही, घडी, दरी. अशा रीतीने, मांजराच्या निमित्ताने, आम्ही लघु-गुरूवर येऊन पोहोचलो. मात्रा शिकवायच्या म्हणून शिकवल्या असत्या, तर ती पळून गेली असती.

नियम दहा मिनिटांत सांगून होतात. अ, इ, उ, ऋ हे स्वर असलेलं अक्षर लघु, त्याची १ मात्रा. आ, ई, ऊ, ए, ऐ, ओ, औ असेल तर गुरू, २ मात्रा. अनुस्वार ठळक उच्चारला जात असेल किंवा पुढच्या जोडाक्षराचा आघात येत असेल, तर ऱ्हस्व अक्षरही गुरू होतं. म्हणून "चंद्र" ३ मात्रांचा आणि "पुस्तक" ४ मात्रांचं. लघूला एक टाळी, गुरूला टाळी वाजवून हात तसेच एक ठोका धरून ठेवायचे. घरातल्या सगळ्यांची नावं टाळ्यांत वाजवून बघा. एक संध्याकाळ त्यातच जाते.

इथे भाचीने मला पकडलं. "पुस्तक मध्ये शेवटचा 'क' अर्धाच ऐकू येतो. त्याची पूर्ण मात्रा का?" खरंच आहे. बोलताना आपण "पुस्तक्" असंच म्हणतो. छंदात मात्र लिहिलेलं अक्षर पूर्ण धरतात, आणि गाताना ते पूर्ण उच्चारलंही जातं. मूल असं काही म्हणालं तर "नियम आहे" म्हणून गप्प करू नका. बोलण्यात अर्धं ऐकू येणाऱ्या अक्षरांचं एक पान करा. आमचं पान दोन दिवसांत भरलं.

मग टाळ्यांऐवजी कागद. रंगीत कागदाच्या १ सेंटिमीटर आणि २ सेंटिमीटर लांबीच्या पट्ट्या कापा. छोटी म्हणजे लघु, मोठी म्हणजे गुरू. प्रश्न असा: ४ मात्रांची ओळ किती तऱ्हांनी भरता येईल? मुलाला मांडू द्या. चार छोट्या, ही एक तऱ्हा. एक मोठी आणि दोन छोट्या, त्यात मोठी सुरुवातीला, मधे किंवा शेवटी, या तीन. दोन मोठ्या, ही एक. एकूण ५. याच रीतीने १ मात्रेसाठी १, २ साठी २, ३ साठी ३ तऱ्हा निघतात. ५ मात्रांसाठी ८.

इथे थांबा आणि विचारा: ६ साठी किती? पेनाने अंदाज. मांडून पाहिलं की १३ येतात. बहुतेक मुलांना इथे काहीतरी खटकतं आणि ती आकड्यांकडे बघत बसतात: १, २, ३, ५, ८, १३. बघू द्या. मागच्या दोघांची बेरीज पुढे येते, हे सांगायची अजिबात घाई करू नका. भाचीला ते जेवताना सुचलं आणि ती ताट सोडून वहीकडे पळाली. बेरीजच का, याचंही उत्तर पट्ट्यांतच आहे. शेवटची पट्टी छोटी असेल तर तिच्याआधी ५ मात्रा भरलेल्या असणार. मोठी असेल तर ४. म्हणून ६ च्या तऱ्हा म्हणजे ५ च्या अधिक ४ च्या.

या आकड्यांना जगभर फिबोनाचीच्या नावाने ओळखतात. त्या इटालियन गणितज्ञाने १२०२ मध्ये सशांच्या पैदाशीच्या कोड्यात ते मांडले. पण भारतातल्या छंदशास्त्रज्ञांनी ते त्याच्या आधीच काढले होते, तेही कवितेच्या ओळी मोजताना, अगदी आपण पट्ट्या मांडल्या तसे. विरहांकाने इसवी सनाच्या ६व्या ते ८व्या शतकादरम्यान, हेमचंद्राने ११५० च्या सुमारास. "मग नाव त्याचं का?" हा प्रश्न हमखास येतो. तो इतिहासाच्या पानावर लिहून ठेवा.

आधी मुलाची स्वतःची कविता. कवितेसाठी विषय देऊ नका. "पाऊस" म्हटलं की दहा मुलं एकच कविता लिहितात. वहीच्या "दिसलं" बाजूची ओळ उचलायला सांगा. "सुंदर", "छान", "गोड" या शब्दांना बंदी. आमचं मुंग्यांचं पान घेऊन भाचीने लिहिलं:

कागद फिरला,
मुंगी अडली,
मिशा हलवते,
वाट हरवली.

पहिल्यांदा शेवटची ओळ होती "वाट कुठे गेली". टाळ्या वाजवताना तिथेच अडखळायला झालं. मोजलं, तर बाकीच्या ओळी ८ मात्रांच्या आणि ही १० ची. दोन मात्रा कमी करायला तिला अर्धा तास लागला. कवितेवर अर्धा तास काम करावं लागतं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

पायरी ६: इतिहास, म्हणजे सुतळी आणि आजी

लहान मुलांना "फार पूर्वी" म्हणजे सगळं एकाच काळातलं वाटतं: आजीचं लहानपण, राजे, डायनोसॉर, सगळे शेजारी. म्हणून सुतळी. १ सेंटिमीटर म्हणजे १ वर्ष. एका टोकाला आज. मूल ९ वर्षांचं, तर ९ सेंटिमीटरवर गाठ. आजी ७८ वर्षांची, तर ७८ वर. माणूस १९६९ मध्ये चंद्रावर उतरला, म्हणजे आजीच्या गाठीच्या अलीकडे, हे बघून भाची आजीकडे नव्याने पाहू लागली. फिबोनाचीचं पुस्तक सव्वाआठ मीटरवर गेलं, दारातून बाहेर. गिझाचा मोठा पिरॅमिड सुमारे ४,५०० वर्षांपूर्वीचा, म्हणजे ४५ मीटर. डायनोसॉर ६.६ कोटी वर्षांपूर्वी संपले. त्यासाठी सुतळी ६६० किलोमीटर लागेल. हिशेब मुलाला करू द्या.

याच सुतळीचा एक मीटर, म्हणजे शंभर वर्षं, कापून टोकाला वजन बांधा आणि टांगा. एक जा-ये पुरी व्हायला जवळपास २ सेकंद लागतात. वजन दुप्पट करून बघा, फरक पडत नाही. हेलकावा लहानच ठेवा, आणि एक न मोजता दहा मोजून भागा. मग दोरी पाव करा, २५ सेंटिमीटर. वेळही पाव होईल असा अंदाज येतो. होतो निम्मा, साधारण १ सेकंद. लंबकावर याहून जास्त मी लिहीत नाही, करून बघण्यातच गंमत आहे.

आजीकडे वळू. "तुझं लहानपण कसं होतं?" या प्रश्नाला "छान होतं" एवढंच उत्तर येतं. बारीक विचारायचं: शाळेत जाताना पायात काय असायचं? रात्री अभ्यासाला उजेड कशाचा? पत्र कोण वाचून दाखवायचं? एक प्रश्न विचारून झाला की मनात वीसपर्यंत मोजायचं. जुनी माणसं थांबून थांबून सांगतात आणि खरी गोष्ट त्या थांबण्यानंतर येते. त्याच प्रसंगाबद्दल दुसऱ्या कुणाला, वेगळं बसवून, विचारा. दोन हकीकती जुळणार नाहीत. आमच्याकडे आजी म्हणाली पूर आला तेव्हा रात्र होती, तिचा धाकटा भाऊ म्हणाला दुपार. भाचीचा चेहरा पडला, "कोण खोटं बोलतंय?" कुणीच नाही. दोघांचं म्हणणं नावानिशी लिहायचं, आणि तिसरा पुरावा शोधायचा: जुनं पत्र, फोटोच्या मागची तारीख, त्या काळातलं वर्तमानपत्र. इथेही तीच उभी रेघ, फक्त डावीकडे "वस्तूवर दिसतं" आणि उजवीकडे "आठवतं".

पुरावा समोर असूनही मोठ्यांना दिसत नाही, असंही होतं. १८७९ मध्ये स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत मार्सेलिनो सान्स दे साउतुओला जमिनीत दगडी हत्यारं शोधत होते. त्यांची जेमतेम ८ वर्षांची मुलगी मारिया बरोबर होती. तिने वर बघितलं. छतावर गव्यांची रंगीत चित्रं होती, हजारो वर्षांपूर्वीची. त्या काळच्या तज्ज्ञांनी मानायलाच नकार दिला. आदिमानव इतकं चांगलं काढूच शकत नाही, म्हणाले. साउतुओला १८८८ मध्ये वारले तरी संशय फिटला नव्हता. त्यांना विरोध करणाऱ्यांतल्या एमिल कार्तायाक यांनी १९०२ मध्ये आपली चूक जाहीरपणे छापून कबूल केली. डाव्या रकान्यात गवे होते, उजव्यात "शक्यच नाही".

पायरी ७: विचारायचं कुणाला, दाखवायचं कुणाला

काही प्रश्न घरात सुटत नाहीत. तेव्हा तज्ज्ञाला पत्र किंवा ईमेल लिहावा, मुलाने स्वतः, आणि त्यात आधी काय पाहिलं ते सांगून शेवटी एकच प्रश्न विचारावा. पक्षितज्ज्ञ सलीम अलींनी लहानपणी छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्याला पिवळा डाग होता. मामांनाही ती ओळखता येईना, म्हणून त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सचिवांकडे, मिलार्डसाहेबांकडे, चिठ्ठी देऊन पाठवलं. मिलार्ड यांनी पोराला हाकललं नाही. पक्ष्यांच्या नमुन्यांचे खण उघडून एकेक चिमणी दाखवली. (बंदूक सोडून बाकी सगळं अनुकरण करण्यासारखं आहे.)

पान पूर्ण झालं की ते कुणालातरी वाचून दाखवू द्या, आणि ऐकणाऱ्याने प्रश्न विचारलाच पाहिजे. नुसती शाबासकी चालणार नाही. इंग्लंडमधल्या ब्लॅकॉटन गावच्या शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी गुंजणाऱ्या मोठ्या माश्यांवर, म्हणजे भुंग्यासारख्या दिसणाऱ्या बंबलबीवर, प्रयोग केले. फूल निवडताना त्या रंग आणि जागा दोन्ही लक्षात ठेवतात का, हे त्यांना पाहायचं होतं. निबंध मुलांच्याच भाषेत लिहिला, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढल्या, आणि तो २०१० मध्ये रॉयल सोसायटीच्या जीवशास्त्रविषयक नियतकालिकात छापून आला.

कुठे फसायला होतं

वही रोज लिहायची सक्ती केली की दोन आठवड्यांत ती मरते. आठवड्याला एक पान पुष्कळ. मधे महिनाभर काहीच नाही, असंही होतं. आमच्याकडे दोनदा झालं. तेव्हा गळ घालू नका, वही दिसेल अशी ठेवा.

दुसरी चूक माझीच. प्रयोग बिघडला की मी हळूच हात लावून तो "बरोबर" करायचो. लंबकाची वेळ दोन सेकंद येईना म्हणून मी एकदा आकडा चक्क गोल केला. भाचीने पाहिलं. पुढच्या पानावर तिने माझ्या मोजमापांच्या बाजूला "वाटलं" असं लिहून ठेवलंय. पुन्हा मोजल्यावर सापडलं की दोरी आम्ही गाठीपर्यंत मापत होतो, वजनाच्या मध्यापर्यंत मापायला हवी होती.

आणि उत्तर ठाऊक असताना तोंड बंद ठेवणं. ते मला अजूनही साधत नाही. परवा तिने विचारलं, "मुंग्या रात्री झोपतात का?" मी तोंड उघडलं, तेवढ्यात तिने वही पुढे केली आणि पेन दिला.

"आधी अंदाज लिही, मामा."